बंद रिलातलं मीठ

पावसाळा लागला की कोकणातल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठही हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपोआप विरघळतं. समुद्राच्या पाण्यातून उरणारं मीठ तर याहून हावरट. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते तुलनेने कोरड्या, जेमतेम ३५ टक्के आर्द्रतेच्या हवेतही ओलसरच राहतं. त्यामुळे फेब्रुवारीत मालवणच्या खडपावर उडालेला थेंब मासेमारीच्या रिलात शिरून वाळला, तरी विषय तिथे संपत नाही. पाणी उडून जातं, मीठ जागच्या जागी बसून राहतं, आणि मृगाच्या सरी सुरू झाल्या की त्याचं पुन्हा खारं पाणी होतं. रील तेव्हा कपाटात असतं, मालक निर्धास्त असतो.

एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. रिलात थेंबभर पाणी गेलं तरी बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये बसायला पुरेसा खार त्यात असतो. म्हणूनच ‘सील्ड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रिलांबद्दलचा एक समज आधी दूर करायला हवा. सीलमुळे पाणी आत यायची वाट अरुंद होते, हे खरं. पण थेंब एकदा आत गेला की तेच सील त्याला बाहेरही पडू देत नाही. साध्या, उघड्या बांधणीच्या रिलात शिरलेलं पाणी फटींतून निथळतं, वाऱ्यावर सुकतं, नळाखाली धरलं तर बरंचसं मीठही धुऊन निघतं. सीलबंद रिलात ते मुक्कामाला येतं. मुंबईपासून गोव्यापर्यंत जेटीवर आणि खडपांवर उभं राहून रावस, तांबोशी, जिताडा गरवणाऱ्या हौशी मंडळींच्या हातात आता अशी रिलं दिसू लागली आहेत. महाग रील घेतलं म्हणजे देखभालीतून सुटका झाली, असं समजून ती वर्षानुवर्षं न उघडता वापरली जातात. त्यातली कित्येक आतून गंजतात ती याच समजापायी.

अशी रिलं मुळात का बनली, ते कळलं की त्यांच्या मर्यादाही समजतात. अमेरिकेत लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला मोंटॉक नावाचं गाव आहे. तिथे शरद ऋतूत स्ट्राइप्ड बास हा मासा किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो. तो पकडायला लोक रबरी पोहण्याचे पोशाख चढवून रात्री पाण्यातल्या खडकांवर जाऊन उभे राहतात. लाटा छातीवर फुटतात, दर लाटेला हातातलं रील पाण्याखाली जातं. साधी रिलं तिथे टिकत नव्हती. १९९०च्या दशकात व्हॅन स्टाल नावाची रिलं आली ती या लोकांसाठी. भरीव धातूतून कोरलेलं अॅल्युमिनियमचं अंग, जिथे म्हणून फट असेल तिथे रबरी ओ-रिंग, आणि दोरी पकडणारी तारेची बेलसुद्धा काढून टाकलेली. मोडेल असा एक भाग कमी. दोरी बोटानेच उचलून रोलरवर चढवायची.

त्या रिलांची किंमत सर्वांच्या आवाक्यातली नव्हती. पुढे इतर कंपन्यांनी आपापल्या रीतीने हाच प्रश्न सोडवला. ऑटो हेन्झे यांनी १९३२ साली फिलाडेल्फियात सुरू केलेल्या पेन कंपनीने मधल्या किमतीच्या रिलांनाही सील बसवलं. जपानच्या शिमानोने पाण्याला वळणावळणाच्या अरुंद वाटेने जावं लागेल अशी चक्रव्यूहासारखी रचना आणि पाणी झटकणारा लेप यांची जोड दिली. दाइवाची ‘मॅगसील्ड’ पद्धत सर्वांत वेगळी. तिच्यात रबराच्या जागी चुंबकाने ओढून धरलेलं तेल असतं. दांडा आणि अंग यांच्यामधल्या बारीक फटीत या तेलाची कडी उभी राहते, आणि रबर घासलं जात नसल्यामुळे हँडल हलकं फिरतं. अशा चुंबकीय द्रवाचा जन्म मासेमारीत झालेला नाही. १९६३ साली नासाचे स्टीव्ह पॅपेल यांनी तो बनवला, तो अंतराळात वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन चुंबकाने इंजिनाकडे ओढता यावं म्हणून.

याच्या अगदी उलट वाटेने गेलेलं रीलही इथे आठवायला हवं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला १९२० पासून बनत आलेलं अल्वी. मोठं चाक, मोजके भाग, सील नाही की गिअरची गुंतागुंत नाही. वाळूत पडलं तर पाण्यात बुचकळायचं, पुन्हा वापरायचं. क्वीन्सलंडच्या किनाऱ्यावर त्याने पिढ्या काढल्या. दुरुस्तीच्या सोयीने पाहिलं तर ही बांधणी आजही सरस ठरते. मात्र पुढे लोक स्पिनिंग रिलाकडे वळले, आणि त्याबरोबर सीलची जबाबदारीही गळ्यात आली.

रिलाच्या खोक्यावर बऱ्याचदा ‘आयपीएक्स ५’, ‘आयपीएक्स ६’ असे आकडे छापलेले असतात. पेनच्या स्पिनफिशर मालिकेतल्या सहाव्या पिढीला पहिला दर्जा आहे, त्याच कंपनीच्या स्लॅमरला दुसरा. हे आकडे नेमके काय सांगतात? पाचच्या चाचणीत ६.३ मिलिमीटर तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर पाण्याचा झोत सर्व बाजूंनी मारतात. सहाच्या चाचणीत तोटी साडेबारा मिलिमीटरची आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. दोन्ही चाचण्या काही मिनिटांच्या आणि साध्या पाण्याच्या. पाण्यात बुडवून ठेवण्याची हमी यातल्या एकातही नाही. तिच्यासाठी सात आणि आठ हे वेगळे दर्जे आहेत. मधल्या ‘एक्स’चा अर्थ असा की धूळ आणि वाळू यांची चाचणी नोंदवलेलीच नाही. किनाऱ्यावर उभं राहणाऱ्याला पाण्याइतकीच वाळूही छळते, म्हणून हे ध्यानात ठेवायचं.

सील असूनही पाणी आत जायचं एक कारण म्हणजे ऊन. मे महिन्यात खडपावर दोन तास ठेवलेल्या काळ्या रिलाचं अंग सहज ५० अंशांपर्यंत तापतं. आतली हवाही तितकीच गरम. असं रील २७ अंशांच्या पाण्यात बुचकळलं की आतली हवा गार होते आणि तिचा दाब सुमारे सात टक्क्यांनी घटतो. हा फरक सत्तर सेंटिमीटर खोल पाण्याच्या दाबाएवढा आहे. म्हणजे पाण्याला वरून धक्का मिळतोच, शिवाय आतूनही ओढ लागते. झिजलेल्या सीलला एवढं पुरतं. तापलेलं रील धुण्याआधी सावलीत गार होऊ द्यायचं, एवढी एक सवय लावली तरी निम्मं काम होतं.

धुण्याचीही रीत आहे. घरी आल्यावर ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी बेताने सुटू देणाऱ्या ब्रेकचा, नॉब आधी घट्ट पिळायचा, म्हणजे पाणी ड्रॅगच्या चकत्यांत उतरत नाही. मग नळाची धार बारीक ठेवून रील वरून धुवायचं, बादलीत बुडवायचं नाही. गाडी धुण्याचा जोराचा फवारा तर अजिबात नको, कारण तो मीठ पुढे ढकलून सीलच्या ओठांखाली सारतो. हँडल दहा-वीस वेळा फिरवून पाणी झटकायचं, मऊ कापडाने पुसायचं, सावलीत वाळवायचं. पूर्ण सुकल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर चकत्या दाबून बसतात आणि पुढच्या वेळी पहिला मासा ओढतो तेव्हा दोरी झटक्याने सुटते. रील ओलसर असताना प्लास्टिकच्या पिशवीत घालणं सर्वांत वाईट.

विणलेली दोरी असेल तर स्पूलकडेही बघायला हवं. तंगूसपेक्षा या दोरीच्या विणीत पाणी जास्त धरलं जातं आणि ते गुंडाळीच्या तळाशी साचतं. दोरी बदलताना स्पूलच्या अॅल्युमिनियमवर पांढरी पूड दिसली तर ती याच पाण्याची करणी.

घरी करण्याजोगी सर्वांत सोपी आणि सर्वांत उपयोगाची तपासणी लाईन रोलरची आहे. दोरी ज्या छोट्या चाकावरून वळते ते हे चाक. रिलाचा दुसरा कोणताही भाग इतका वेळ ओला राहत नाही, कारण प्रत्येक फेकीनंतर समुद्राचं पाणी शोषलेली दोरी त्याच्यावरूनच आत येते. तंगूसचा हातभर तुकडा रोलरवर घालून दोन्ही टोकं हलक्या ताणाने मागेपुढे ओढावीत. चाक तुकड्याबरोबर फिरलं तर ठीक. तुकडा नुसताच घसरला आणि चाक जागचं हललं नाही, तर आतलं इवलंसं बेअरिंग गंजलेलं असतं. अशा अडकलेल्या चाकावर दोरी रोज एकाच जागी घासते आणि तिथे चरा पडतो. नखाने तो लागतो. पुढे मोठा मासा लागल्यावर दोरी तुटते आणि दोष दोरीच्या कंपनीला दिला जातो.

रील पूर्ण उघडण्यासाठी पावसाळ्याचे दोन महिने उत्तम. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते, उघड्या किनाऱ्यावर गरवणंही धोक्याचं असतं, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत हाताशी वेळ असतो. मात्र अडचणही याच दिवसांत जास्त. हवा दमट असल्यामुळे धुतलेले भाग आपसूक सुकत नाहीत. ते पंख्याखाली किंवा केस वाळवायच्या यंत्राच्या कोमट झोतात सुकवावे लागतात, आणि उघडलेलं रील चार दिवस टेबलावर पसरून ठेवता येत नाही.

आधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. हमीची मुदत शिल्लक असेल तर रील उघडल्याने ती जाते का, हे कार्डावर वाचायचं. दुसरी गोष्ट, रील मॅगसील्ड आहे का? तसं असेल तर चुंबकीय तेल असलेले भाग घरी उघडायचेच नाहीत. त्या कडीत साधं तेल किंवा ग्रीस मिसळलं की ती फुटते, आणि तसं तेल दुकानात मिळत नाही. अशा रिलाचं हँडल, नॉब, ड्रॅगच्या चकत्या एवढं घरी करावं आणि बाकीचं काम कंपनीच्या सेवाकेंद्राकडे सोपवावं. इथे धाडस दाखवण्यात शहाणपण नाही.

रबरी सीलचं रील घरी उघडता येतं. हत्यारांत स्क्रूड्रायव्हर चांगला हवा. जपानी रिलांचे चौफुलीचे स्क्रू दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखे असतात, पण खाच वेगळ्या मापाची असते. भलताच ड्रायव्हर लावला की टोक वर उसळतं आणि स्क्रूचं डोकं खराब होतं. जपानी मापाचा ड्रायव्हर मिळतो, तो घ्यावा. टेबलावर पांढरं सुती कापड पसरावं, त्यावर पडलेली स्प्रिंग लगेच दिसते. निघणारा प्रत्येक भाग डावीकडून उजवीकडे क्रमाने मांडावा आणि प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढावा. कागदासारख्या पातळ चकत्या गिअरच्या मागेपुढे असतात, त्या तेलाने बेअरिंगला चिकटून निघतात आणि नकळत कचऱ्यात जातात. एखादी जरी उलटीपालटी झाली तरी रील घरघरतं. रोटरचा मोठा नट काढताना जोर लावण्याआधी आट्याची दिशा बघावी. काही रिलांत तो उलट्या आट्याचा असतो.

बाजूचं झाकण निघालं की पहिल्यांदा ग्रीसचा रंग पाहायचा. पारदर्शक किंवा मूळ रंगाचं, तारदार ग्रीस असेल तर सीलने काम केलं. दुधाळ झालेलं, फेसटल्यासारखं ग्रीस म्हणजे त्यात पाणी मिसळलंय. हा दुधाळ भाग कुठे जास्त आहे, त्यावरून पाणी कुठून आलं ते कळतं. हँडलच्या बाजूला असेल तर हँडलच्या टोपीखालची ओ-रिंग संशयित. हँडल उजवीकडून डावीकडे बदलणाऱ्यांच्या रिलांत हा दोष हमखास आढळतो, कारण दुसऱ्या बाजूची टोपी बसवताना रिंग राहून जाते किंवा तिरकी बसते.

ओ-रिंग १९३०च्या दशकातली. नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकन संशोधकाला १९३९ साली तिचं पेटंट मिळालं. खाचेत दाबून बसलेलं गोल रबर पाण्याच्या दाबाने आणखी घट्ट होतं, एवढीच तिची करामत. पण ते रबर गोल असायला हवं. रिंग काढून दोन बोटांत हळू फिरवावी आणि उजेडात धरावी. एक बाजू सपाट झाली असेल, बारीक चिरा असतील किंवा ती कडक वाटत असेल, तर बदलावी. नवी रिंग घेताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही मापं लागतात. खाच पुसायला धागे सुटणारं कापड वापरू नये. एक धागा किंवा वाळूचा एक कण रिंगखाली राहिला की पाण्याला वाट मिळते. बसवण्याआधी रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवावा, थर देऊ नये.

आता धुणं. इथे बहुतेकांची गफलत होते. जुनं ग्रीस टर्पेंटाइनने चटकन निघतं आणि भाग चकचकीत दिसतात. पण टर्पेंटाइन किंवा पेट्रोल यांत मीठ विरघळत नाही. ग्रीस गेलं, खार तिथेच राहिला. म्हणून धातूचे भाग टर्पेंटाइननंतर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासायलाच हवेत. त्यानंतर स्वच्छ पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे कोपऱ्यातलं उरलेलं पाणी त्याच्याबरोबर उडून जातं. रबर, प्लास्टिक आणि सील यांना टर्पेंटाइन लावू नये. रंगाच्या दुकानातला थिनर तर त्यांच्या आसपासही नको.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, ही समजूतही या वेळी बाजूला ठेवावी. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, आणि तो टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. सीलखालच्या बारीक फटीत खारं पाणी साचून राहिलं की प्राणवायू पोचत नाही, थर फुटतो आणि धातूला खोल खड्डे पडतात. अॅल्युमिनियमच्या अंगात बसलेला स्टीलचा स्क्रू म्हणजे वेगळंच दुखणं. दोन धातूंमध्ये खारं पाणी आलं की विजेचा बारीक प्रवाह वाहतो आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. स्क्रू रुतून बसतात ते यामुळे. म्हणून परत बसवताना प्रत्येक स्क्रूच्या आट्याला ग्रीस लावावं. या छोट्याशा कामाचा फायदा पुढच्या वर्षी कळतो.

बेअरिंग बोटावर धरून फिरवलं की हाताला समजतं. करकर लागली तर साफ करण्यात वेळ घालवू नये, बदलावं. त्याच्या बाजूवर क्रमांक कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६८८-२आरएस म्हणजे आतून आठ, बाहेरून सोळा आणि रुंदीला पाच मिलिमीटर, दोन्ही बाजूंना रबरी झाकण. हीच मापं जगभर चालतात. त्यामुळे कंपनीच्या सुट्या भागांसाठी महिनोन्महिने थांबायची गरज नसते. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या बाजारात बेअरिंगची दुकानं ओळीने आहेत, तिथे क्रमांक दाखवला की काम होतं. फक्त स्टेनलेसचं आहे का, हे विचारून घ्यावं.

कुठे काय लावायचं याचे नियम थोडे आहेत, पण पक्के आहेत. गिअरच्या दातांना आणि मुख्य दांड्याला ग्रीस, तेही आउटबोर्ड इंजिनाला वापरतात तसं पाण्याने न धुपणारं. हँडलच्या नॉबला आणि साध्या बेअरिंगला हलकं तेल. शिलाई मशीनचं चालतं. खोबरेल नको, ते २४ अंशांखाली गोठतं आणि हवेत खवट होऊन चिकट बनतं. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या एकदिशा क्लचमध्ये ग्रीस कधीच भरू नये. त्यातले रोलर घसरतात आणि हँडल अचानक मागे फिरून बोटांवर आपटतं. तिथे तेलाचा एकच थेंब. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० कपाटात असतोच, पण तो १९५३ साली पाणी हटवण्यासाठी बनवलेला द्रव आहे. रिलात मारला तर तो चांगलं ग्रीसही धुऊन नेतो. कार्बन फायबरच्या ड्रॅग चकत्यांना ड्रॅगसाठीचं खास ग्रीस पातळ चोळून, जादा पुसून काढावं.

सगळं बसल्यावर झाकणाचे स्क्रू एकदम न पिळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, म्हणजे सील सगळीकडे सारखं दबतं. हँडल फिरवून पाहावं. नव्या ग्रीसमुळे ते थोडं जड वाटतं, काही फेऱ्यांनंतर सुटतं. ठरावीक जागी अडखळत असेल तर एखादी चकती चुकीची बसली आहे; उघडून फोटोंशी ताडून बघायचं. शेवटी दोरी भरून टोकाला ताणकाटा अडकवावा आणि ड्रॅग किती किलोला सुटतो ते पाहावं. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा एवढा तो ठेवण्याची पद्धत आहे, म्हणजे १२ किलोच्या दोरीला तीन ते चार किलो. काटा ओढताना आकडा स्थिर राहायला हवा. तो मधेच उसळून खाली येत असेल तर चकत्यांवर अजून जुना खार किंवा जादा ग्रीस आहे आणि स्पूल पुन्हा उघडायला लागणार. बदललेल्या रिंगांची आणि बेअरिंगची मापं तारखेसह एका कागदावर लिहून खोक्यात टाकावीत. पुढच्या जूनमध्ये तीच मापं घेऊन बाजारात जाता येईल, रील उघडण्याच्या आधीच.